लाल शेरा

रत्नागिरीच्या चर्चमधल्या वाचनालयात कुठलं पुस्तक घ्यायचं, हे निवृत्त शिक्षिका करुणाबाई ठरवत. हातोहात खपणाऱ्या एका ख्रिस्ती पुस्तकात ‘भीती वाटली की स्तुतिगीत गा’ असं वाचून त्यांनी लाल पेनानं शेरा मारला : ‘बालिश. घेऊ नये.’

दुसऱ्याच दिवशी त्यांना एमआरआयच्या नळकांड्यात सरकवलं. डोक्यात गाठ आहे की नाही, ते आज कळणार होतं. नाकाशी छत, कानाशी ठणठणाट. मदतीला बोलवायचं हातातलं बटण घामानं निसटलं.

बाहेर काढल्यावर टेक्निशियन संदेश म्हणाला, “बाई, तुम्ही गात होतात. डोकं हललं. परत घ्यावं लागेल.”

करुणाबाई अजून गुणगुणत होत्या.



“घे. दोन कडवी राहिल्येत.”