अस्सल पोशाख

बासष्ट सालच्या दिवाळीनंतर दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावरून आम्ही आठ जणं हैद्राबाद पाह्याले गेलतो. चारमिनार पाह्यला, गोवळकोंड्याच्या दरवाज्यात टाळ्या वाजवून पाह्यल्या. मंग गाईड आम्हाले एका शेठच्या खासगी प्रदर्शनात घेऊन गेला. म्हणे, "चला, तुमचीच बाई दाखवतो."

तिथं माणसाएवढी लाकडाची लमाण बाई उभी होती. आमच्या काचळीची, म्हंजे चोळीची, पाठ उघडी राह्यते, तिथं फक्त नाड्या बांधतात. त्या अकलेच्या खंदकांनी तिले काचळी उलटी घातली होती! पाठ झाकलेली अन् छाती उघडी. बाप्ये एकमेकांले कोपरानं ढोसून दात काढून राह्यलते, अन् गाईड पाटी वाचून राह्यलता, "लमाण स्त्री, अस्सल पोशाख."

मले अशी शिसारी आली की मी तिथंच थुंकली. दोरी ओलांडली, डोक्यावरची ओढणी काढली अन् त्या बाईले गुंडाळून टाकली. चौकीदार बोंबलत आला, मी मागं वळून पाह्यलं नाही.

तांड्यावर पोचलो तं सासरा दारातच बसला होता. आमच्यात सून सासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही, त्याच्याशी बोलतही नाही. बावीस वर्षं मी ते पाळलं. त्यानं माह्या नवऱ्याले विचारलं, "पूनमसिंग, हिचं डोकं उघडं काहून?"

नवऱ्याच्या आधी मीच बोलली.



"तिथं एका लमाण बाईची छाती उघडी होती, बाबा. माहं तं नुसतं डोकं आहे."