बागेतली गोगलगाय

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा. एका खेळण्यातल्या आगगाडीची गोष्ट सांगतो.

एका काकांच्या बागेत फुलझाडांभोवती रूळ होते आणि त्यांवरून वीतभर उंचीची गाडी फिरायची. इंजिनाचा दिवा लागेना, म्हणून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. इंजिनाच्या पोटातल्या डीकोडर नावाच्या चिपमध्ये वेगाचा आकडा भरलेला असतो. तो इतका कमी पाहून दुरुस्तीवाला हसलाच.

"काका, ही आगगाडी आहे की गोगलगाय?"

काका चहा आणायला आत गेले. तेवढ्यात त्यानं भल्या मनानं डीकोडरमधलं जुनं सगळं पुसून नवं भरलं. काका बाहेर येतात तो गाडी वाऱ्यासारखी पळतेय! कप त्यांच्या हातातच राहिला.

"अरे बाबा, अर्धांगाचा झटका आल्यानंतर तुझी काकू या गाडीच्या सोबतीनं चालायची रे. ती गेली, तरी गाडी तिच्याच चालीनं फिरत होती."

दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "काका, आकडा कुठं लिहून ठेवलाय का?"

"लिहून कशाला ठेवू? ती चालायची, तिच्याकडं बघून मी लावायचो."



 

मग काकांनी कप खाली ठेवला आणि ते डावा पाय ओढत ओढत रुळांच्या कडेनं चालू लागले. "बघ, अशी चालायची. आता आकडा कमी करत ये."

मायबापहो, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या काकूंना एकदा आठवा.