वाट सोडा

हुई शानने माशाची पेज मागवली, पण पेज आणणारा रोबो पुंगोल वस्तीतल्या फुटपाथवरच अडला.

"समोर बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत एक आजी आहेत," दुरून रोबो चालवणाऱ्या मदतकेंद्रातला मुलगा फोनवर म्हणाला. "वाट अरुंद आहे, त्यांना खुर्ची वळवता येईना."

"मग भोंगा वाजवा की जोरात! फुटपाथ काय त्यांच्या बापाचा आहे? माझी आई दवाखान्यातून येईल एवढ्यात, सकाळपासून उपाशी आहे ती."

फोनमध्ये भोंगा कर्कश वाजला. "सरकल्या आजी," मुलगा म्हणाला.

वाफाळती पेज दारात आली. हुई शान ती वाडग्यात ओतत होती, तेवढ्यात आईच्या नंबरावरून फोन आला. आवाज मात्र कुणा परक्या माणसाचा होता.



"ताई, तुमच्या आई का या? खुर्चीसकट फुटपाथलगतच्या नाल्यात पडल्यात. हलत नाहीयेत."