नजरेचा कीबोर्ड

कोडचा प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या कंपायलरने पुन्हा नकारघंटा वाजवली. पडदाभर लाल ओळी. धाकटीने कपाळाला हात लावला.

"आता काय म्हणतोय?" बाबांनी दारातून विचारलं.

"कोड जुन्या मशीनसाठी लिहिलाय, बाबा. नव्याचा प्रोसेसर वेगळा. एक ओळ जुळवली की दुसरी रुसते."

आईचं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. हलायचे ते फक्त डोळे. पडद्यावरच्या ज्या अक्षरावर ती नजर रोखायची ते उमटायचं, आणि कॉम्प्युटर तिच्या वतीने बोलायचा. तोच कॉम्प्युटर बंद पडला. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता. हाती होता नुसता सोर्स कोड. त्यातून नव्या मशीनसाठी प्रोग्रॅम नव्याने बांधायचा होता. म्हणून धाकटी रजा टाकून परगावाहून धावत आली होती.

आल्या दिवशीच तिने तो कसाबसा कंपाइल केला. तिच्या स्वतःच्या नजरेला अक्षरं उमटलीही. आईसमोर ठेवला, तर ढिम्म.

मग तिने सगळं उपसलं. जुना कंपायलर शोधला, कोडला लागणाऱ्या तयार लायब्रऱ्या बदलल्या, कॅमेऱ्याचा भाग पुन्हा लिहिला. बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची बांधणी, चालू असताना आईचे केस विंचरायची, ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करून दाखवायची. बिल्ड झालं की म्हणायची, "आई, 'अ'कडे बघ बरं."

आईची नजर छताला.

"डॉक्टर म्हणाले होते," बाबा एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाले, "पुढेमागे डोळेही जातील."

"काहीतरीच बोलू नका. चूक कोडमध्येच आहे."

पण तोच कप ती पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

शेवटी ऑफिसातून फोन आला. रजा वाढणार नव्हती. त्याच संध्याकाळी बिल्ड एकही लाल ओळ न दाखवता पार पडलं. तिने आईला उशीला टेकवून बसवलं, पडदा समोर धरला, वाट पाहिली. काही नाही.

"हरले गं मी," ती म्हणाली. "सकाळी निघते."

पडदा तसाच आईसमोर ठेवून ती पाठमोरी बसली आणि कपड्यांच्या घड्या बॅगेत कोंबू लागली. डोळ्यांतलं पाणी आईला दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं. बॅग भरली. चेन काही केल्या लागेना.

मागून कॉम्प्युटरचा सपाट आवाज आला.

"पहिल्याच दिवशी चाललं होतं. चालू झालं की तू जाशील, म्हणून गप्प बसले. आता निघालीच आहेस, तर बोलते."