सात नंबरची बाई

“सहा नंबर. आजी. सकाळपासून चिडचिड चालू आहे. राग आपल्यावर नाही, दुखण्यावर आहे. मनावर घेऊ नकोस.”

दुपारचे दोन वाजले होते. मोठ्या सिस्टर धाकटीला चार्ज देत होत्या. धाकटी म्हणजे दुपारच्या पाळीची सिस्टर; दोन मुलांची आई झाली तरी वॉर्डात तिचं नाव धाकटीच. चार्ज द्यायचा म्हणजे पाळी बदलताना प्रत्येक खाटेपाशी उभं राहून पेशंटची खरी हकिगत सांगायची. लपवायचं नाही, फुगवायचं नाही, कुणाला नावं ठेवायची नाहीत. सव्वीस वर्षं मोठ्या सिस्टरनी हेच केलं होतं. मुलगी गेली तेव्हासुद्धा पाचव्या दिवशी त्या कामावर हजर होत्या. “बाई आहे की दगड!” असं वॉर्डातल्या मावश्या त्यांच्या पाठीमागे म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी ते ऐकलंही होतं.

आज सकाळी त्यांनी आपलं कपाट रिकामं केलं होतं आणि किल्ली टेबलाच्या खणात टाकली होती. घरी जायचं, दार लावून घ्यायचं, की संपलं. यापुढे कुणालाच चार्ज द्यायचा नव्हता. ठरवल्यापासून जिवाला भलतंच हलकं वाटत होतं.

सात नंबरपाशी त्या थांबल्या. तिथली पेशंट सकाळीच घरी गेली होती. खाटेवर नवी चादर होती, चारही कोपरे नीट मुडपलेले. आठ नंबरकडे जायचं, तर पाय उचलेना.

“सात नंबर,” त्या म्हणाल्या. “बाई. वय बावन्न.”

“सिस्टर, सात रिकामा आहे की!” धाकटी हसली. “पोटात कावळे ओरडायला लागले वाटतं तुमच्या.”

त्यांचं लक्षच नव्हतं. इतक्या वर्षांची सवय. तोंड आपसूक चालू झालं होतं.

“एकुलती एक मुलगी तापाने गेली. चौदा महिने झाले. ताप चढत होता त्या दिवशी ही तिला म्हणाली, ‘नाटकं करू नकोस, गोळी घे आणि झोप.’ आणि कामावर निघून आली. चूक झाली. झाली नाही असं तिला सांगू नकोस, तिला ते खोटं वाटेल.”

धाकटीचं हसू मावळलं. तिने हातातली वही छातीशी धरली.

“पण तेव्हा ही सलग दुसरी पाळी करत होती. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोरीच्या कपाळाला हात लावला होता तिने. पण हिचं स्वतःचंच अंग कसकसत होतं, हाताला काही कळलं नाही. दुसऱ्या कुठल्या आईने मला हे सांगितलं असतं, तर मी तिला जवळ घेतलं असतं.”

मोठ्या सिस्टर रिकाम्या खाटेकडे बघत राहिल्या आणि त्यांना त्या बाईची दया आली. वॉर्डातल्या एकेका पेशंटसाठी त्यांचा जीव तुटत असे, हिच्यासाठी मात्र चौदा महिन्यांत एकदाही तुटला नव्हता.

“जेवते उभ्या उभ्या. विचारलं तर ‘बरी आहे’ म्हणते. विश्वास ठेवू नकोस.”

चार्ज घेताना जे विचारायचं, तेच धाकटीने विचारलं.

“सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“आणि झोपेचं औषध?”

“देऊ नकोस. एकटीला घरीही सोडू नकोस,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “गोळ्या साठवून ठेवल्यात तिने. माझ्या खिशात आहेत.”