नळीतला चिखल

हुसेनभाई विमानातून उतरले ते तणतणतच. “निवेदिता, वर चढताना काटा म्हणतोय वेग वाढला, आणि विमान तर हातात मरगळत चाललेलं! काट्याचं ऐकलं असतं तर सूर्यफुलांत गाडलाच गेलो असतो.”

मेकॅनिक निवेदितानं काट्याची सगळी जोडणी तपासली, पण दोष सापडेना. तालुक्यातल्या फुलांवर परागकण फवारणारं हे एकच विमान होतं आणि बहर काही थांबणार नव्हता. शेवटी तिनं पंखाखालची, समोरून येणारा वारा मोजून काट्याला वेग सांगणारी नळी काढली. तिच्या तोंडाशी वाळका चिखल लिंपलेला होता.

“कुणी हरामखोरानं कोंबला हा?” हुसेनभाई भडकले.

तिनं पिनेनं चिखल हलकेच कोरला. आत पांढुरकी अळी वळवळत होती.

“भाई, कुंभारीण माशीचं घर आहे हे.”

हुसेनभाईंचा राग कुठल्या कुठे गेला. माश्या-भुंगे त्यांनी शाळेत असताना शेवटचे पाहिले होते. ते संपले म्हणूनच ही विमानं आली होती आणि उभ्या विमानाच्या नळीला टोपी घालायची पद्धतही मोडली होती.

निवेदितानं नवी नळी बसवली आणि जुनी चिखलासकट खिडकीत जपून ठेवली. संध्याकाळी फवारणी आटोपल्यावर हुसेनभाईंनी खिशातला रुमाल नव्या नळीच्या तोंडाला बांधला.

“एक आली म्हणजे बाकीच्याही येणार. आपली नोकरी गेली म्हणून समज!” ते म्हणाले, आणि बारशाला आल्यासारखे हसले.