डावी बाजू

"मधे ये! अरे, मधे!" सरांनी पुन्हा ओरडून सांगितलं आणि त्यांचा धाकटा भाऊ मधे आला. आला, चेंडू घेतला आणि दुसऱ्याच क्षणी तो निळ्या शर्टवाल्याला देऊन मोकळा झाला. निळा कुठून उगवला, ते जणू त्याला कळलंच नाही. गोल खाल्ला तेव्हाही हेच झालं होतं.

सरांना बाकावर चैन पडत नव्हतं. बसायचे, उठायचे, पाण्याची बाटली उघडायचे आणि न पिताच बंद करायचे. आज निदान बरोबरी तरी हवीच होती. हरलो तर खालच्या गटात, आणि खालच्या गटात गेलो की कारखान्याचा फुटबॉल संघच गुंडाळणार, हे व्यवस्थापकांनी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. निम्म्या खेळाडूंच्या नोकऱ्या त्या संघाच्या जिवावर होत्या. सरांचीही.

बेत सगळा त्यांचाच. महिनाभर जेवणाच्या टेबलावर पेले आणि मिठाची डबी इकडेतिकडे सरकवत त्यांनी तो पक्का केला होता. चेंडू आपल्याकडे आला की लेफ्ट बॅकनं, म्हणजे डावीकडच्या बचावपटूनं, कड सोडून मधल्या फळीत यायचं. तिथे आपला एक माणूस वाढतो. चेंडू गेला की पुढच्या तिघांनी मागे न पळता तिथल्या तिथे समोरच्यांच्या अंगावर जायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. यात डावी कड उघडी पडते, हे त्यांना ठाऊक होतं. पण लेफ्ट बॅक म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि त्याच्यासारखा पास अख्ख्या संघात कुणाचा नव्हता. असा माणूस वर्षभर कडेच्या रेषेला पालीसारखा चिकटून खेळतो, याचा सरांना मनापासून राग यायचा.

त्याहून जास्त राग बारक्याचा. बारक्या डावा विंगर, त्याचं काम पुढे. पण हा पठ्ठ्या दर सामन्यात मागे मागे सरकत धाकट्याच्या शेजारी येऊन उभा. आज सरांनी त्याला सज्जड दम भरला होता, मागे आलास तर बाहेर बसवीन म्हणून. गोल होईपर्यंत बारक्या शहाण्यासारखा पुढे राहिला. गोल झाला आणि स्वारी पुन्हा मागे.

मध्यंतराला सर खोलीत शिरले ते बोट रोखूनच.

"तू. शर्ट काढ. बाहेर."

बारक्यानं शर्टाला हात घातला.

"सर, जरा बाहेर येता?" धाकटा म्हणाला.

"जे काय ते इथेच बोल."

"दादा, ये ना जरा."

मैदानावर दादा म्हणायचं नाही, हा सरांचाच नियम. ते निमूट त्याच्या मागे गेले.

हात धुवायच्या जागेत नळ गळत होता. धाकट्यानं तो उगाच आवळून पाहिला.

"त्याला नको काढूस. चूक माझी आहे. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

"म्हणजे? आज?"

"मागच्या मोसमात चेंडू लागला होता ना, तेव्हापासून. पडदा गेलाय. कडेला चालून जातं. डाव्या खांद्याशी रेष ठेवली की सगळा खेळ उजवीकडे. मधे आलो की डावीकडून कोण येतंय, ते अंगावर आल्यावरच कळतं."

सरांनी त्याच्या डाव्या गालाशी हात नेला. अगदी जवळ नेला. धाकटा नळाकडेच बघत राहिला. सरांनी हात मागे घेतला. एका घरात राहतो आपण, एका टेबलावर जेवतो, आणि याला भित्रा म्हणून किती वेळा बोललो.

"मला का नाही सांगितलंस?"

"काढलं असतंस मला."

सर खोलीकडे वळले.

खोलीत येऊन त्यांनी फळ्यावरचे सगळे बाण तळहातानं पुसले. "लेफ्ट बॅक कडेलाच राहील. बारक्या, शर्ट घाल, तू त्याच्याजवळ. कुणाच्या अंगावर जायचं नाही, आपल्या अर्ध्यात उभं राहायचं." एरवी थ्रो-इन कुणी घ्यायचा यावरून हुज्जत घालणारी ही माणसं. आज कुणीही का म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यातला खेळ बघवत नव्हता. मधल्या फळीत माणूस कमी, पुढे कुणी नाही, आणि निळे नुसते घोंघावत होते. चेंडू डावीकडे गेला की सरांचा जीव वरखाली व्हायचा. पण डावीकडून निळ्यांना शेवटपर्यंत वाट सापडली नाही. अगदी संपता संपता आपल्याला मिळालेल्या एकुलत्या कॉर्नरवर चेंडू आपल्या मधल्या बचावपटूच्या गुडघ्याला लागला आणि निळ्यांच्या जाळ्यात गेला. त्याला स्वतःलाही ते इतरांनी मिठ्या मारल्यावर कळलं. बरोबरी झाली. संघ वाचला.

खोलीत नुसता दंगा चालला होता. सरांनी बारक्याला कोपऱ्यात गाठलं. भावाचं गुपित आपल्या पोटातच ठेवायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"हे बघ," आवाज जमेल तितका करडा ठेवून ते म्हणाले, "यापुढे तू त्याची डावी बाजू सांभाळायची. का, ते विचारायचं नाही."

बारक्या बुटाची नाडी सोडवत होता. त्यानं मानही वर केली नाही.

"त्यात विचारायचं काय, सर? वर्षभर आम्ही सगळे पाळीपाळीनं तेच करतोय. तुम्हीच ओरडून ओरडून पुढे पाठवत होता."